उपकाराच्या वाटेने आलेली पाळत

डेव्ह एगर्स यांची ‘द सर्कल’ (2013) ही कादंबरी पाळतीची गोष्ट म्हणून वाचली जाते. मला ती उपकाराची गोष्ट वाटते. तिचं मर्म नायिका मे हॉलंडच्या आईवडिलांच्या प्रसंगांत आहे.

मेच्या वडिलांना मल्टिपल स्क्लेरोसिस झालेला. विमा कंपनीशी भांडून घर टेकीला आलेलं. मे बलाढ्य ‘सर्कल’ कंपनीत लागते आणि आईवडिलांनाही कंपनीच्या विम्याचं छत्र मिळतं. पण त्यापाठोपाठ घरात कॅमेरे येतात. अनोळखी लोक आपुलकीचे संदेश पाठवतात आणि उत्तर आलं नाही की रुसतात. थकलेले आईवडील कॅमेरे झाकू लागतात. एके दिवशी अंगावर कॅमेरा लावलेली मे त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर जाते, दार उघडते, आणि नवरा-बायकोचा अगदी खाजगी क्षण हजारो लोकांपुढे उघडा पडतो. लेक वाईट हेतूने आलेली नसते. त्यामुळेच हा प्रसंग जास्त लागतो.

एगर्स यांचं निवेदन मेच्या मनाला चिकटून चालतं. भाषा साधी, वेग मोठा. प्रत्येक नवी सोय तिच्यासारखीच आपल्यालाही पटत जाते, आणि आपण किती गोष्टींना मान डोलावली हे उशिरा ध्यानात येतं. शेवटी बेशुद्ध मैत्रीण ॲनीच्या उशाशी बसलेल्या मेला तिच्या मनातलं कळत नाही, याचाही राग येतो. उपकारांपासून निघालेली वाट इथवर येते.

ही वाट कादंबरीपुरती नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात रेशन दुकानापुढे ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य कानावर पडतं. ऊसतोडीने, मातीकामाने बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र माणसाला ओळखत नाही. अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क केला, तरी घेणारा ते उपकार समजून घेतो. मग आपला ठसा कुठे साठतो, कोण पाहतो, हे विचारायला जीभ रेटत नाही. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. तो निकाल रेशनच्या रांगेपर्यंत पोचायचा, तर आधी उपकाराचं हे दडपण उतरायला हवं.

मराठीत नंदा खरे यांची ‘उद्या’ (2014) ही कादंबरी याच काळजीतून वाचावी. ‘द सर्कल’ मात्र प्रत्येक मदत करणाऱ्याने वाचावी. ज्याला मदत मिळते, त्यालाही आपलं दार लावून घेण्याचा पुरता हक्क आहे.