याजकराज्य आणि मराठी ख्रिस्ती कविता

मराठी ख्रिस्ती कवितेचा विचार करताना आपल्या समीक्षेने एक सोय करून घेतली आहे. ना. वा. टिळकांना (१८६१–१९१९) वारकरी परंपरेशी जोडावे, अभंगाचा घाट दाखवावा, भक्तिभावातील साम्य नोंदवावे, की विवेचन पुरे झाले. हे साम्य खोटे नाही. तुकारामांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांचीही भूमिका होती. परंतु या जोडणीत बायबलमधील एक मध्यवर्ती संकल्पना निसटते : संपूर्ण लोकसमूहाचे याजकत्व.

'निर्गम' ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात, सीनाय पर्वतापाशी, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या इस्राएल लोकांना 'याजकराज्य' होण्याचे अभिवचन मिळते. हिब्रू 'कोहेन'साठी मराठी बायबलने 'याजक' हा शब्द स्वीकारला, आणि त्याबरोबर एक जुने ओझेही उचलले. धर्मशास्त्रात यजन आणि याजन यांतील भेद काटेकोर आहे. यजन म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करणे. तो अधिकार तिन्ही द्विज वर्णांचा. याजन म्हणजे दुसऱ्यासाठी यज्ञ करणे. तो अध्यापन व प्रतिग्रह यांच्याप्रमाणे केवळ ब्राह्मणाचा. गावगाड्यात या अधिकाराचे वतन झाले. भोर-वेल्ह्यातील शिवरे काय किंवा देशावरील अन्य कोणते गाव काय, जोशाचे पौरोहित्य आणि गुरवाची देवपूजा जन्मानेच ठरत आली. अशा भाषेत 'याजकराज्य' हा समास जवळजवळ वदतोव्याघात ठरतो. सगळेच याजक, तर यजमान कोण?

याचे उत्तर संहितेतच आहे. यजमान म्हणजे इतर राष्ट्रे. येथे प्रत्येकाने स्वतःपुरता पुरोहित व्हावे असे सांगितलेले नाही, तर एका समूहाने इतरांसाठी उभे राहावे असे सांगितले आहे. अर्थात बायबलमध्येही हा प्रश्न निर्विवाद नाही. याजकपद अहरोनाच्या वंशाकडे जाते. 'गणना' ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात सारी मंडळीच पवित्र असल्याचे म्हणणाऱ्या कोरहाला भूमी गिळते. अभिवचन आणि त्याचा संकोच एकाच तोरामध्ये शेजारी नांदतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात तेच अभिवचन पांगलेल्या ख्रिस्ती मंडळींना लावले जाते, आणि वंशाची अट गळते. यहुदी परंपरेत ती टिकली. पण कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजात कोहेन घराणी परंपरेने नव्हती, तरीही एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणाचा मालिदा घरोघरी होत राहिला. वंशाने याजक नसलेल्या समाजाचे हे उदाहरण आपल्या अभ्यासकांनी फारसे विचारात घेतलेले नाही.

आता भक्तिपरंपरेकडे पाहावे. वारकऱ्याला देवापाशी जाण्यासाठी भटाची गरज उरत नाही. मध्यस्थ गळून पडतो. याजकत्वाच्या कल्पनेत मध्यस्थ गळत नाही, तो पद वाटून घेतो. पहिली मुक्ती वजाबाकीची, दुसरी गुणाकाराची. सत्यशोधकांना हा भेद कळला होता असे मला वाटते. जोतीराव फुल्यांनी १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह पूजाविधी प्रसिद्ध केला तो विधी नाकारण्यासाठी नव्हे, तर विधी चालविण्याचा अधिकार हस्तांतरित करण्यासाठी.

टिळकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. ते जन्माने चित्पावन; याजनाचा अधिकार त्यांना वारशाने लाभलेला. १८९५ मधील बाप्तिस्म्याने त्यांनी तो सोडला, आणि भक्ताची नम्र भूमिका हा त्यांच्यासाठी त्यागाचा उत्कर्ष ठरला. परंतु ज्या नगर भागातील मंडळीत ते वावरले तिच्यातील बहुसंख्य लोक जन्माने महार आणि मांग होते. त्यांना याजन सोडाच, यजनही नाकारलेले होते. ज्याच्यापाशी जे कधी नव्हतेच, त्याने ते सोडायचे कसे? त्याच्या दृष्टीने 'याजक' हा शब्द त्यागाचा नव्हे, प्राप्तीचा. टिळकांच्या कवितेचे वारकरी वाचन कवीला न्याय देते. ती गाणाऱ्या मंडळीला देत नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही त्यात सामावून घेतले. अंगणाची सीमा येथे पुसली जाते, हे खरेच. पण दरबार हे रूपक पाहा : मधोमध राजा, भोवती सेवक. त्या सेवकांपैकी कोणी कोणासाठी याजक होतो का, हे त्यांच्या अखेरच्या वर्षांतील कवितेला अद्याप कोणी नीट विचारलेले नाही.