‘तीस मिनिटांत ऐंशी टक्के’: एका आकड्याची उलटतपासणी

जपानमध्ये इलेक्ट्रिक गाडी बघायला शोरूममध्ये गेलात की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चार्ज व्हायला किती वेळ लागतो? उत्तरही ठरलेलं असतं. तीस-चाळीस मिनिटांत ऐंशी टक्के. आकडा खोटा नसतो. पण तो एका ठरावीक बॅटरीचा, ठरावीक तापमानाचा आणि ठरावीक चार्जरचा असतो. आपली तक्रार वेगळीच आहे. हा आकडा इतका पुढे-पुढे करतो, की भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची खरी अडचण त्याच्यामागे झाकली जाते.

आधी साधा हिशोब करू. घरच्या लाइट बिलावर जो ‘युनिट’ असतो, तोच किलोवॅट-तास. बॅटरीत किती युनिट मावतात हे तिचं पोट, आणि चार्जर किती किलोवॅटचा हा नळाचा वेग. २०२२ साली आलेली निसान साकुरा ही छोटी केई गाडी घ्या. बॅटरी २० युनिटची. घरच्या २०० व्होल्टच्या, सुमारे ३ किलोवॅटच्या जोडणीवर ती साधारण आठ तासांत भरते. जलद चार्जरवर ती जास्तीत जास्त ३० किलोवॅट घेते. म्हणजे ऐंशी टक्के, १६ युनिट, अगदी शून्यापासून भरले तरी बत्तीस मिनिटं पुरायला हवीत. कंपनी मात्र सुमारे चाळीस मिनिटं सांगते, आणि तीही शून्यापासून नव्हे, चार्ज संपत आल्याचा दिवा लागल्यापासून. मग वरची मिनिटं कुठे गेली?

तर हंडा भरत आला की आपण नळ बारीक करतो, तसंच हे आहे. फक्त कारण वेगळं. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. रिकाम्या एसटीत माणसं भराभर चढतात, शेवटच्यांना मात्र जागा शोधावी लागते. तेव्हा मागून रेटा वाढवला, तर लिथियम आत न शिरता ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. त्यातलं बरंचसं पुन्हा कामाला येत नाही, आणि साचत गेलं तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याची भीती असते. थंडीत आयनांची हालचाल आणखी मंदावते. म्हणून गाडीच प्रवाह कमी करते. ऐंशी टक्क्यांनंतरचा रटाळपणा हा दोष नाही, ती बॅटरीने स्वतःची घेतलेली काळजी आहे.

आता बॅटरीचे प्रकार. तिन्ही उदाहरणं जपानच्या रस्त्यावरची घेऊ.

पहिली निसान लीफ. डिसेंबर २०१० मध्ये आली, २४ युनिटची, मँगनीजवर आधारलेली लिथियम-आयन बॅटरी घेऊन. तिला थंड ठेवायला द्रवाची व्यवस्था नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्सच्या उन्हाळ्यात मालकांच्या लक्षात आलं की बॅटरीची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटते आहे. पुढे ४० युनिटची दुसरी पिढी आली, आणि २०१८ मध्ये दूरच्या प्रवासाला निघालेल्यांना दुसरा अनुभव आला. पहिलं जलद चार्जिंग ठीक, दुसरं आणि तिसरं मात्र रेंगाळणारं. महामार्गावर पळून तापलेली बॅटरी चार्ज होताना आणखी तापायची, निवायला वाव नसायचा, म्हणून गाडी प्रवाह आवरायची. बॅटरी वाचवायची तर ते बरोबरच होतं. पण पत्रकावरचा आकडा पहिल्या चार्जिंगचा होता, आणि दूरचा प्रवास पहिल्या चार्जिंगवर संपत नाही. लीफला द्रवाने थंड होणारी बॅटरी मिळाली ती तिसऱ्या पिढीत, २०२५ मध्ये.

दुसरं उदाहरण बहुतेकांच्या विस्मरणात गेलं आहे. २०११ मध्ये मित्सुबिशीने आय-मीव्हचा एक स्वस्त प्रकार काढला. त्यात तोशिबाची बॅटरी होती, जिच्यात ग्राफाइटच्या जागी लिथियम टायटनेट वापरतात. त्यावर लिथियम धातू साचण्याची भीती जवळपास नसते. त्यामुळे जलद चार्जरवर ऐंशी टक्के व्हायला पंधराएक मिनिटं, १६ युनिटच्या नेहमीच्या आय-मीव्हच्या निम्मा वेळ. मग सगळ्यांनी हीच का नाही वापरली? कारण तितक्याच वजनात ती कमी वीज साठवते. त्या गाडीत १०.५ युनिटच होते. ही बॅटरी वाया मात्र गेली नाही. तुम्ही एन७००एस शिनकान्सेनने गेला असाल, तर तिच्याच जिवावर वीज गेल्यावरही ती ट्रेन हळूहळू सुरक्षित जागी सरकू शकते. लवकर भरणं हवं की जास्त मावणं, या सौद्यातून कुठल्याच बॅटरीची सुटका नाही.

तिसरी लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. १९९७ मध्ये गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून या पदार्थावरचा मूळ शोधनिबंध आला, त्यावर पहिलं नाव ए. के. पाढी यांचं आहे. हिच्यात निकेल-कोबाल्ट नाही. ती स्वस्त, उष्णतेला दमदार आणि दीर्घायुषी, पण तितक्याच विजेसाठी जास्त जड आणि थंडीत आळशी. बीवायडीने २०२३ मध्ये जपानमध्ये आणलेली अॅटो ३ हिच्यावर चालते. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावला बनणारी नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली तीही एलएफपी घेऊनच. नागपूरच्या मे महिन्यात ही बॅटरी शहाणपणाची वाटेल, साप्पोरोच्या जानेवारीत तीच तुम्हाला चार्जरपाशी ताटकळत ठेवेल. पत्रकावर मात्र दोन्हीकडे एकच आकडा.

आता चार्जरकडे वळू. जपानी जलद चार्जिंगच्या मानकाचं नाव ‘चाडेमो’. २०१० मध्ये त्याची संघटना उभी राहिली. या नावात एक कोटी लपली आहे: ‘ओचा देमो’, म्हणजे ‘चहा वगैरे घ्यायचा का?’ चहा होईस्तोवर गाडी तयार. मराठी माणसाला याहून गोड आमिष कोण दाखवणार! पण या चहाचं बिल वर्षानुवर्षं मिनिटांवर लावलं गेलं. महामार्गावर आणि मिचि-नो-एकीवर बहुधा एका वेळी तीस मिनिटं, आणि पैसे त्या मिनिटांचे. समजा चार्जर ५० किलोवॅटचा आहे. तुमची बॅटरी पूर्ण वेगाने घेऊ शकली तर अर्ध्या तासात २५ युनिट मिळतील. थंडीमुळे किंवा तापल्यामुळे ती निम्म्याच वेगाने घेत असेल, तर साडेबारा. पैसे तेवढेच. पेट्रोल पंपावर लिटरऐवजी नळी टाकीत किती वेळ होती यावर पैसे घेतले असते तर आपण गप्प बसलो असतो का? छोटी गाडी, जुनी बॅटरी आणि गार हवा, या तिघींची किंमत ग्राहकाने मोजायची, अशी ही पद्धत. २०२३ मध्ये सरकारने आपल्या धोरणात युनिटवर आकारणीकडे जायचं ठरवलं, हे चांगलंच झालं. पण त्याला इतकी वर्षं लागली, कारण मिनिट हेच माप सगळ्यांना स्वाभाविक वाटत होतं. त्या पत्रकातल्या आकड्यानेच तशी सवय लावली होती.

आणि आता नवा आकडा आला आहे: दहा मिनिटं. जून २०२३ मध्ये टोयोटाने सांगितलं की त्यांची सॉलिड-स्टेट बॅटरी दहा ते ऐंशी टक्के इतक्या वेळात भरेल, आणि ती २०२७-२८ च्या सुमारास बाजारात आणायचा प्रयत्न आहे. द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट हे संशोधन खरंच मोठं आहे, त्याची टिंगल करायचं कारण नाही. पण हिशोब करून बघा. ७५ युनिटच्या बॅटरीचे सत्तर टक्के म्हणजे साडेबावन्न युनिट. ते दहा मिनिटांत भरायचे तर सरासरी ३१५ किलोवॅट लागतील. त्याच २०२३ च्या सरकारी धोरणात महामार्गावरच्या चार्जरसाठी धरलेला पाया ९० किलोवॅटचा आहे. बॅटरी उद्या तयार झाली तरी नळ कुठून आणणार?

म्हणून मला वाटतं, आपला पहिला प्रश्नच बदलायला हवा. गाडी रात्री कुठे झोपते?

जपानमध्ये गाडी घेताना सहसा ‘शाको शोमेई’, म्हणजे पार्किंग असल्याचा दाखला लागतो. १९६२ च्या कायद्यापासूनची ही शिस्त. म्हणजे जवळपास प्रत्येक गाडीला रात्रीची ठरलेली जागा आहे. सावकाश चार्जिंगला याहून अनुकूल देश कुठला? तिथे ३ किलोवॅटची जोडणी असेल, तर आठ तासांत चोवीस युनिट. रोजच्या ये-जा करण्याला पुरून उरेल, बॅटरीही शांतपणे भरेल, आणि ती कुठल्या प्रकारची आहे याने फारसा फरक पडणार नाही. पण निशि-कासाईच्या भाड्याच्या फ्लॅटचं पार्किंग आठवा. पांढरे पट्टे आहेत, नंबर आहे, भाडं आहे. प्लग नाही. टोकियोने एप्रिल २०२५ पासून नव्या इमारतींना चार्जिंगच्या सोयीचं बंधन घातलं आहे, पण तुम्ही राहता ती इमारत बहुधा जुनी असते आणि घरमालकाला त्यात काडीचा रस नसतो. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला स्वस्त आणि सावकाश वीज, भाडेकरूला महाग आणि घाईची. ही दरी कुठलंही नवं रसायन एकट्याने बुजवणार नाही.

तेव्हा शोरूममध्ये जाल तेव्हा हे विचारा: बॅटरी कुठल्या प्रकारची आहे? तिला थंड आणि गरम ठेवायची सोय आहे का? एकाच दिवसातलं दुसरं जलद चार्जिंग किती वेळ घेतं? पुण्याहून बाबांचा ‘घेऊ का रे ईव्ही?’ असा फोन आला तर त्यांनाही हेच विचारायला सांगा, आणि आधी सोसायटीच्या पार्किंगचं बघायला सांगा. स्वतः मात्र शोरूमच्याही आधी घरमालकाला किंवा फुदोसानला फोन करा. तिथे प्लगची परवानगी मिळाली, तर तीस मिनिटं की चाळीस, हा वाद सुट्टीतल्या लांबच्या प्रवासापुरताच उरतो.