आठ मिनिटांतील 'तू' : 'सोर्स कोड' या चित्रपटाविषयी

कालचक्रात अडकलेल्या नायकाच्या कथेत पुनरावृत्ती हे बहुधा कोडे सोडविण्याचे साधन असते. प्रत्येक फेरीत नायकाचे ज्ञान वाढते आणि अखेरीस रहस्य उलगडते. डंकन जोन्स दिग्दर्शित 'सोर्स कोड' (२०११) हा अमेरिकन चित्रपट वरवर पाहता याच जातीचा आहे. शिकागोकडे निघालेल्या आगगाडीत बॉम्बस्फोट होऊन उतारू मरण पावले आहेत. अफगाणिस्तानात लढलेला वैमानिक कोल्टर स्टीव्हन्स याची जाणीव शॉन फेन्ट्रेस या मृत शिक्षकाच्या अखेरच्या आठ मिनिटांत पुनःपुन्हा पाठविली जाते. पुढचा स्फोट टळावा म्हणून गुन्हेगार शोधून काढणे, हे त्याचे काम. बेन रिप्ली यांच्या पटकथेत हा शोध वेधक उतरला आहे, यात शंका नाही. परंतु चित्रपटाचे मर्म शोधात नसून सर्वनामांत आहे, असे मला वाटते.

फेरीच्या आरंभी समोर बसलेली क्रिस्टिना, त्याने दिलेला सल्ला आपण मानला, असे सांगते. वाक्य एकच, उक्ती मात्र दर वेळी निराळी. 'मी', 'तू' यांसारख्या पदांचा निर्देश बोलणाऱ्याबरोबर पालटतो, याकडे ओटो येस्पर्सन यांनी १९२२ मध्येच लक्ष वेधले होते. येथे वक्ता तोच, शब्द तेच, तिला दिसणारा चेहराही शॉनचाच; तरी 'तू'चा धनी बदललेला आहे. कोल्टर हा 'तू' प्रथम नाकारतो, पुढे तपासापुरता वापरतो आणि शेवटी आपलाच मानतो.

याची दुसरी बाजू दूरध्वनीच्या प्रसंगात दिसते. मुलगा युद्धात मरण पावला, अशी वडिलांची समजूत आहे. कोल्टर त्यांच्याशी मृत मुलाचा सोबती म्हणून बोलतो. स्वतःची क्षमायाचना त्याला तृतीय पुरुषात करावी लागते. 'मी'चा 'तो' होतो, तेव्हाच ती वडिलांपर्यंत पोहोचते. चित्रपटातील सर्वांत उत्कट क्षण हाच होय.

शेवट मात्र या सूक्ष्मतेला उतरलेला नाही. कॅप्टन गुडविन कोल्टरचा जीवनाधार बंद करते. तरीही, स्फोट टळलेल्या एका नव्या जगात, तो शॉनच्या देहात जगत राहतो. त्या जगात गाडीतील सारे उतारू वाचले आहेत, नाहीसा झाला आहे तो एकटा शॉन. आपले जर्जर शरीर व मन संमतीवाचून राबविले जाते, म्हणून डॉ. रटलेज यांच्याविरुद्ध कोल्टरचा संताप होतो, आणि तो रास्तच आहे. पण शॉनची संमती कोणी घेतली? क्रिस्टिना ज्याला 'तू' म्हणत आली तो माणूस उरलेला नाही, हे तिला कळतही नाही. पटकथा या प्रश्नाजवळ थांबत नाही. ती सुखान्त साधून मोकळी होते. निर्देशाचा इतका मार्मिक विचार करणाऱ्या कलाकृतीत हा दोष गौण मानता येणार नाही.