मागे पाळणा, पुढे आम्ही

मराठीत समीक्षकांना तोटा नाही. कवितेला आहेत, नाटकाला आहेत, आणि आमच्या नागपूर जिल्ह्यात तर सावजीच्या रश्श्यालासुद्धा गल्लोगल्ली आहेत. पण ज्या कलेचं उत्पादन या सगळ्यांहून जास्त, आणि जिचा आस्वाद घेण्याची सक्ती प्रत्येक सुटीनंतर तुम्हा-आम्हावर होते, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं नाही. मी सहकुटुंब सहलीच्या फोटोंबद्दल बोलतो आहे. त्यातही मोठा पाळणा, घसरगुंड्या आणि यंत्राने उठणारी समुद्राची लाट जिथे असते, त्या उद्यानांत काढलेल्या फोटोंबद्दल.

तुमचा अधिकार काय, असं कोणी विचारील. मी बी.कॉम. आहे. आम्हाला सौंदर्यशास्त्र नव्हतं, कॉस्टिंग होतं. पण कळमेश्वरला बँकेच्या काउंटरमागे बसून मी गेली वीस वर्षं माणसांचे फोटो तपासतो आहे. खात्याला फोटो, कर्जाला फोटो, जामीनदाराचा फोटो. आमच्या धंद्यात फोटोची कसोटी एकच: समोर उभा आहे तो माणूस आणि कागदावर चिकटवलेला माणूस एकच आहे, हे कळलं पाहिजे. ही कसोटी उद्यानी फोटोंना लावली, तर बहुतेक अर्ज 'फोटो अस्पष्ट' असा शेरा मारून परत करावे लागतील.

परीक्षणासाठी मी आमच्या कॅशियरांचा मोबाइल घेतला. ते एका रविवारी गोंडखैरीवरून अमरावती रस्त्याला लागून सहकुटुंब अशा एका उद्यानात जाऊन आले आणि सोमवारी बँकेत ४१२ फोटो घेऊन हजर झाले. जेवणाच्या सुटीत डबा उघडायच्या आधी त्यांनी मोबाइल उघडला. ४१२! आमच्या वडिलांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो निघत, आणि बारावा काढायचा की नाही यावर घरात बैठक बसत असे.

पहिले साठ-सत्तर फोटो पाळण्याचे. पाळणा संपूर्ण, वरपासून खालपर्यंत, एकही खुर्ची न कापता. त्याच्या पायथ्याशी चार मुंग्या. मी विचारलं, "हे कोण?" कॅशियर म्हणाले, "आम्हीच ना जी!"

याचं कारण कॉस्टिंगमध्ये आहे. माणूस दाराशी तिकिटाचे पैसे मोजतो आणि आत गेल्यावर फोटोतून ते वसूल करू पाहतो. तिकीट पाळण्याचं, म्हणून फोटोत पाळणा पुरा आला पाहिजे. बायको फुकट, ती थोडी कमी आली तरी चालते. ही वृत्ती आजची नाही. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी २६४ फूट उंचीचा पहिला महापाळणा उभा केला. तिथे आत जायला ५० सेंट पडत, आणि स्वतःचा छोटा कॅमेरा न्यायचा असेल तर दिवसाला दोन डॉलर. म्हणजे माणसाच्या चौपट भाडं कॅमेऱ्याला! इतके पैसे मोजल्यावर बायकोचा फोटो काढायला कोण धजावेल?

पुढे १९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड निघालं. तिथला परीकथेतला किल्ला अवघा ७७ फुटांचा आहे, पण वर वर जाताना त्याचे दगड लहान लहान होत जातात, म्हणून तो आहे त्याहून पुष्कळ उंच भासतो. थोडक्यात, तिथल्या इमारतीला फोटो कसा काढून घ्यावा हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्या उद्यानांत 'फोटो इथून काढा' अशा कोडॅकच्या पाट्याही असत. लाखो कुटुंबांनी एकाच जागेवर उभं राहून एकच फोटो काढला. फक्त मुंग्या बदलल्या.

माझं म्हणणं एवढंच, की पाळणा गोल असतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो पुराव्यानिशी सिद्ध करावा लागत नाही. मागे त्याची एक कड आणि दोन खुर्च्या दिसल्या तरी पुरे. माणसांना पाळण्याकडे पाठवू नका. पाळणा मागे राहू द्या आणि माणसांना आपल्याजवळ बोलवा. जवळ म्हणजे, ओरडून न सांगता बोलणं ऐकू जाईल इतकं जवळ. मात्र ओळीच्या टोकाला भारदस्त माणूस उभा करू नये. मोबाइलचं भिंग रुंद असतं, ते कडेच्या वस्तू ताणतं. कॅशियरांचे मेव्हणे प्रत्यक्षात बेताचेच आहेत; फोटोत ते दोन तिकिटांचे झाले आहेत.

दुसरा दोष वेळेचा. आपण सकाळी लवकर निघायचं ठरवतो, म्हणजे साडेदहाला निघतो, आणि ठीक बाराच्या उन्हात दाराशी पोचतो. विदर्भातलं मे महिन्यातलं ऊन! सूर्य डोक्यावर, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, आणि नाकाची सावली मिशीसारखी ओठावर. सगळं कुटुंब दरोडेखोरांसारखं दिसतं. 'सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी हवा' हा मंत्र आमच्या वडिलांच्या पिढीने रोलबरोबर आलेल्या कागदावरून पाठ केला. तेव्हाच्या साध्या कॅमेऱ्यांना उजेड लागायचा, म्हणून तो खरा होता. त्यापायी आमच्या अल्बममधली सगळी वडीलधारी मंडळी डोळे मिटून आहेत. आजच्या मोबाइलला तेवढ्या उजेडाची गरज नाही. कडुलिंबाखाली किंवा रांगेवरच्या पत्र्याच्या कडेला, सावलीत उभं राहून तोंड उघड्या आभाळाकडे केलं की चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. आणि काढण्याआधी भिंग रुमालाने पुसावं. चिवडा खाल्लेल्या बोटाचं तेल भिंगावर बसलं की सगळं उद्यान धुक्यात जातं. मग माणूस म्हणतो, मोबाइल बिघडला.

तिसरा दोष 'इकडे बघा' हा. एवढे दोन शब्द उच्चारले की हसतं-खेळतं कुटुंब एकदम जामीनदारांसारखं उभं राहतं. मोठ्या उद्यानांत उतारावरून सुसाट येणाऱ्या गाडीपाशी एक कॅमेरा बसवलेला असतो. तो 'इकडे बघा' म्हणत नाही. पोटात गोळा आला त्या क्षणी टिपतो आणि बाहेर पडताना फोटो विकायला ठेवतो. माझ्या मते आजचा सगळ्यात प्रामाणिक छायाचित्रकार तोच. लोक त्या फोटोसमोर उभं राहून पोट धरून हसतात, 'मी असा दिसतो?' म्हणतात, आणि विकत न घेता निघून जातात. तेवढ्या पैशांत मग बाहेर उभे राहून जामीनदारीचे सहा फोटो काढतात. तेव्हा पाळण्यात बसण्याआधीचा फोटो सोडून द्यावा, उतरल्यावरचा घ्यावा. केस विस्कटलेले, पाय लटपटताहेत, धाकटी म्हणते आहे 'पुन्हा', थोरला म्हणतो आहे 'पाणी'. शिवाय पाऊण तास रांग आणि दोन मिनिटं पाळणा हे तिथलं प्रमाण असतं. अल्बममध्ये मात्र रांग औषधालाही सापडत नाही. वास्तविक आजी नातवाशी पाऊण तास बोलते ती रांगेतच. घरी नातू तेवढा सापडत कुठे?

आता पिशव्यांबद्दल. मागे एक गृहस्थ पत्नीचं खातं बंद करायला आले होते. मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज, सगळं नीट लावून आणलं होतं. काम झालं तरी उठेनात. मग हळूच म्हणाले, "साहेब, तिच्या फॉर्मवरचा फोटो भेटंल का जी?" मी म्हटलं, "घरी फोटो नाहीत का?" "आहेत ना. थैलीभर आहेत. पोट्ट्यांना घेऊन दरवर्षी कुठं ना कुठं जात होतो. पण तिच्यापाशी आमच्या पिशव्या राहत. कुठं अर्धी आली, कुठं पाठमोरी. बाकीचे तिनंच काढले. भिंतीवर लावावा असा एक नाही निघाला."

मॅनेजरसाहेबांना विचारून आम्ही त्या फोटोची प्रत काढून दिली. बोटभर फोटो. बाई कॅमेऱ्याकडे घाबरून बघत होत्या, पण पूर्ण दिसत होत्या. त्यांनी तो पासबुकात ठेवला आणि पासबुक शर्टाच्या आतल्या खिशात.

तेव्हापासून कोणाचाही अल्बम हातात आला की मी आधी पिशव्या शोधतो. पाण्याच्या उद्यानात तर त्या हटकून काठावर असतात: कोरडे कपडे, चष्मे, पाकिटं, चपला, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध कुटुंबातली एक बाई. तिचं तिकीटही पूर्ण असतं. कॅशियरांच्या ४१२ फोटोंत वहिनी ३८ ठिकाणी सापडल्या. त्यांतल्या २० ठिकाणी फक्त हात. चार फोटोंत तर पिशवीच्या बंदांवरून ओळख पटवावी लागली. भाड्याच्या लॉकरमध्ये पिशव्या ठेवायला जे पैसे पडतात, ते फोटोग्राफीच्या खर्चात धरावेत, असं माझं हिशेबनीसाचं मत आहे.

दुसरा उपाय आमच्या स्ट्राँगरूमचा. तिथली किल्ली एकाकडे कधीच नसते, दोघांकडे दोन. तसा मोबाइलही एकाच्या ताब्यात दिवसभर राहू नये. तासा-तासाने चार्ज द्यावा-घ्यावा. कुटुंबप्रमुख स्वतः सगळे फोटो काढतो आणि घरी आल्यावर 'मी कुठेच नाही' म्हणून रुसतो, तेही यात टळतं. एक पाळी मुलाला जरूर द्यावी. कॅशियरांच्या सात वर्षांच्या मुलीने दहा मिनिटं मोबाइल पळवला होता. तिच्या उंचीवरून काढलेले ते फोटो मला या संग्रहातले सर्वश्रेष्ठ वाटतात. मागे नको ती गर्दी नाही, नुसतं आभाळ. आणि वहिनी खाली वाकून हसताहेत. लेकीकडे बघताना हसू जसं येतं तसं. कॅशियरांनी कितीही वेळा 'हस' म्हटलं तरी ते यायचं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. एका कचेरीत काम करायचं आहे.

कोणी म्हणेल, मग उद्यानाची आठवण ती काय राहिली? माझ्या एका मावसभावाकडे गोराईच्या एस्सेलवर्ल्डचा अल्बम आहे. ते १९८९ मध्ये सुरू झालं, आणि मार्वेहून लाँचने खाडी ओलांडून तिथे जाण्याचं भाग्य लाभलेला नातेवाईक तेव्हा आमच्याकडे परदेशी जाऊन आल्यासारखा मानला जाई. २०२२ मध्ये ते बंद झालं. आता तो अल्बम उघडला की पाळण्यांवरून पानं भराभर उलटतात आणि लाँचमधल्या एका फोटोवर सगळे थांबतात. त्यात उद्यान नाहीच. वाऱ्याने उडणारा पदर मावशीने दातांत धरला आहे आणि काका तिकिटं मोजताहेत. 'हा शर्ट कोणाचा होता?' यावर अर्धा तास जातो.

असो. आठवडाभर जेवणाच्या सुटीत बसून मी कॅशियरांचे ४१२ फोटो तपासले, आणि व्हाउचर पास करावं तसे नऊ पास केले. त्यांनी ते दोनदा पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काहून जी, पाळण्याचा एकबी नाही?"

"आहे ना," मी म्हटलं, "सातवा बघा." तो मुलीने काढलेला त्यांचा स्वतःचा फोटो होता, अगदी जवळून. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला. त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक पाळणा होता, पुरा, एकही खुर्ची न कापलेला.