वाणी आणि यंत्रनाद: एका रचनेचे श्रवण

विद्युत्-संगीतावर प्रथमपासून एक आक्षेप घेतला जातो: त्यात माणूस नाही. कार्लहाइन्त्स स्टॉकहाउझेन यांच्या ‘गेझांग डेर युंग्लिंगे’ (कुमारांचे गीत) या रचनेचे समर्थक त्याला सोपे उत्तर देतात. तीत एका मुलाचा कंठ आहे, एवढे त्यांना पुरेसे वाटते. लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला मात्र आक्षेप आणि उत्तर दोन्ही अपुरी वाटू लागतात.

सुमारे १३ मिनिटांची ही रचना कोलोन येथे पश्चिम जर्मन नभोवाणीच्या स्टुडिओत सिद्ध झाली आणि ३० मे १९५६ रोजी प्रथम सादर झाली. तत्पूर्वीचे दोन पंथ परस्परांपासून दूर होते. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये आगगाडीसारखे प्रत्यक्षातील ध्वनी मुद्रित करून त्यांची जुळणी केली होती. कोलोनचा भर विद्युत्-उपकरणांतून निर्माण केलेल्या स्वरांवर होता. स्टॉकहाउझेन यांनी मुद्रित कंठ आणि निर्मित स्वर एकाच रचनेत आणले. त्या सुमारास ते बॉन येथे वेर्नर मायर-एप्लर यांच्याजवळ ध्वनिविज्ञानाचा अभ्यास करीत होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. भाषेतील स्वर संगीताच्या स्वरांना जवळचे, ऊष्म व्यंजने सळसळीला जवळची, तर स्फोटक व्यंजने आघाताला जवळची. त्यामुळे वाणीकडून यंत्रनादाकडे पायरीपायरीने जाता येते.

दानीएलच्या ग्रंथातील, अग्निकुंडात टाकलेल्या तीन कुमारांनी गायिलेले ईशस्तवन हा रचनेचा शब्दाधार होय. यंत्रनाद म्हणजे ज्वाला व कंठ म्हणजे कुमार, अशी वाटणी करण्याचा मोह होतो. परंतु श्रवणात ती टिकत नाही. एकच कंठ बहुगुणित होऊन कल्लोळ बनतो, तर विद्युत्-स्वरांचे कण अक्षरांप्रमाणे उमटू लागतात. मधूनच स्तुतीचा एखादा शब्द स्पष्ट होतो आणि पुन्हा नादात विरतो. अर्थ असा क्षणोक्षणी सिद्ध होत आणि मोडत असल्यामुळे त्याच्या उमटण्यालाच येथे नाट्य प्राप्त झाले आहे.

मग जर्मन न जाणणाऱ्या भारतीय श्रोत्याचे काय? शब्द कळण्या-न कळण्याच्या पायऱ्या रचनाकाराने जाणीवपूर्वक योजिल्या होत्या. त्यांपैकी वरच्या पायऱ्या या श्रोत्याला दुर्गम राहतात. ही हानी खरी आहे, आणि निव्वळ नादानंदाने ती भरून निघते असे म्हणणे आत्मवंचना ठरेल. तथापि कोणी बोलत आहे की काही वाजत आहे, हा भेद त्याच्याही कानाला कळतो. आणि जेथे तो कळेनासा होतो, तेथे ही रचना त्याच्यापुरतीही पूर्णपणे जिवंत असते. स्तवनाचा अनुवाद आधी वाचून ती पुन्हा ऐकल्यास स्तुतीचे तेच ते शब्द परत येताना ओळखू येतात. एवढ्या तयारीची अपेक्षा कोणतीही गंभीर कलाकृती आपल्या रसिकाकडून करतेच.