‘ला हेन’मधली न दिसणारी निवड

मॅथ्यू कासोविट्झचा १९९५चा ‘ला हेन’ पाहताना आपण पोलिसांवरच्या रागात अडकतो. ज्यू विन्झ, आफ्रिकी वंशाचा युबेर, अरब सईद. पॅरिसबाहेरच्या सरकारी वसाहतीतलं त्यांचं कोंडलेपण चित्रपटात अचूक उतरलंय. पण ही कुटुंबं तिथं आली कशी, हे तो विचारतच नाही. आमची तक्रार तीच आहे.

‘हे लोक आपल्याच माणसांत राहतात’ असं सर्रास बोललं जातं. नांतेरचं बघा. अल्जीरियन कामगार तिथं झोपड्यांत राहायचे. १९६४च्या कायद्यानं झोपड्या हटवायला वेग आला. पुढं १९७७च्या सुधारणांनी मध्यमवर्गाला घरासाठी कर्ज सोपं झालं, तो बाहेर पडला, आणि शहराबाहेरच्या टोलेजंग इमारतींत जागा मोकळ्या झाल्या. खाजगी घरमालक स्थलांतरितांना दारात उभं करत नसत. मग जिथं स्वस्त भाड्याची सरकारी खोली, तिथंच बिऱ्हाड! निवड होती, नाही असं नाही. पण कुठल्या यादीतून?

२०००च्या कायद्यानं मोठ्या नागरी पट्ट्यातल्या नगरपालिकांना २० टक्के सामाजिक घरं बंधनकारक केली. श्रीमंत न्यूयी वर्षानुवर्षं दंड भरत राहिली. आपल्याच माणसांत राहायचा हट्ट तो हाही आहे, पण ‘ला हेन’च्या पटकथेत त्याला जागा नाही.