समान आरंभ, विषम अनुभव : अरीना शूटर या प्रकाराचा ऱ्हास

एखाद्या कलाप्रकाराची लोकप्रियता ओसरते, तेव्हा तिची कारणे बहुधा बाह्य परिस्थितीत शोधली जातात. अरीना शूटर या व्हिडिओ गेमच्या प्रकाराबाबतही असेच घडले आहे. १९९९च्या अखेरीस ‘अनरिअल टूर्नामेंट’ आणि ‘क्वेक थ्री अरीना’ हे दोन खेळ पाठोपाठ प्रसिद्ध झाले, तेव्हा हा प्रकार ऐन बहरात होता. पुढील दशकभरात तो परिघावर गेला. कन्सोलवर खेळणारा वर्ग वाढला आणि त्या साधनाला ही गती मानवली नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते अपुरे आहे. कारण त्याच काळात, त्याच संगणकावर, त्याच माऊस-कीबोर्डच्या साहाय्याने ‘काउंटर-स्ट्राइक’ वाढत होता. तेव्हा ऱ्हासाचे बीज आकृतिबंधातच शोधावे लागते.

या आकृतिबंधाचा पाया समान आरंभ हा आहे. प्रत्येक खेळाडू सारख्याच साध्या शस्त्रानिशी रिंगणात उतरतो. प्रभावी शस्त्रे व चिलखते ठरावीक जागी असतात. ती उचलली की ठरावीक काळाने पुन्हा प्रकटतात. ‘क्वेक थ्री’मधील लाल चिलखतासाठी हा अवधी २५ सेकंदांचा आहे. म्हणजे वरकरणी नेमबाजीचा दिसणारा हा खेळ वस्तुतः स्थळ आणि काळ यांच्या स्मरणाचा आहे. त्यातील वेगही उपजत नाही, तो कमवावा लागतो. तिरक्या उड्यांनी वेग वाढवण्याचे तंत्र गतिमर्यादेच्या गणितातील एका फटीतून निघाले. खेळाडूंनी ते परंपरेने जतन केले आणि त्याचा संकेत झाला. नियमपुस्तिकेबाहेर वाढलेला हा संकेतव्यूह जाणत्याला अपार आनंद देतो. नवख्याला मात्र तो दिसतही नाही.

येथेच या प्रकारातील अंतर्विरोध आहे. आरंभ समान असल्याने कौशल्यातील विषमता उघडी पडते. द्वंद्वात हरलेला खेळाडू साध्या शस्त्रासह परततो, तर जिंकलेल्याच्या हाती रिंगणातील संपत्ती राहते. अंतर वाढतच जाते. नंतरच्या लोकप्रिय प्रकारांनी पराभवाला आडोसा दिला. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये संघ आहे आणि प्रत्येक फेरीला नवा प्रारंभ आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ने (२००७) गुणसंचयातून नवी शस्त्रे देऊन हरणाऱ्यालाही प्रगतीचे समाधान दिले. २०१७मध्ये बहरलेल्या बॅटल रॉयल प्रकाराने दैवाला जागा दिली. या खेळांनी कमी-अधिक प्रमाणात समता सोडली आणि पराभवाला अर्थ दिला. अरीना शूटरने समता राखली. परंतु पराभवाचा अर्थ ज्याचा त्याने शोधावा, अशी अपेक्षा ठेवली.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न याला पुष्टी देतात. ‘क्वेक लाइव्ह’ने २०१४मध्ये आरंभीच शस्त्रे निवडण्याची मुभा दिली. २०१७मध्ये खेळाडूंपुढे आलेल्या ‘क्वेक चॅम्पियन्स’ने प्रत्येक पात्राला वेगळी शक्ती दिली. प्रवेश सुकर करण्यासाठी मूळ समताच सैल करावी लागली. तरीही पूर्वीचा लोकाश्रय परतला नाही. जुना आस्वादक दुरावला आणि नव्याला इतरत्र अधिक मोकळे दार उपलब्ध होते.

तथापि ऱ्हास आणि लोप यांत भेद करणे आवश्यक आहे. रॉकेटच्या धक्क्याने उंच उडी घेण्याची युक्ती ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये (२००७) नांदते, म्हणजे प्रकार मागे पडला तरी त्याचे घटक स्थलांतरित होतात. ‘क्वेक थ्री’ची मूळ संगणकीय संहिता २००५मध्ये खुली झाल्याने त्याची परंपरा छोट्या वर्तुळांत टिकू शकली. उलट एपिक गेम्सने जुने ‘अनरिअल’ खेळ विक्रीतून काढले आणि २०२३च्या जानेवारीत त्यांचे अधिकृत सर्व्हर बंद केले. लोकप्रियता जाणे हा अभिरुचीचा निर्णय असतो. संहिता दुर्लभ होणे हा मालकाचा. दुसऱ्याला पहिल्याचा परिणाम मानले, तर वाङ्मयेतिहासाप्रमाणेच येथेही बाजाराचा निकाल हाच समीक्षेचा निकाल ठरेल.